पोरगा किती स्टारचा?

२०२६ च्या १९ जानेवारीचा सोमवार, संक्रांत होऊन पाच दिवस झालेले, टेबलावर तिळाच्या वड्यांचा डबा अर्धा उरलेला आणि टीव्हीवर मायामीच्या स्टेडियममध्ये आमची इंडियाना कॉलेज फुटबॉलची नॅशनल फायनल खेळतेय. हे वाक्य मी आत्ता सहज टाइप केलं खरं, पण तीन वर्षांपूर्वी कुणी असं काही म्हटलं असतं तर आम्ही त्याला पाणी पाजून झोपायला पाठवलं असतं.

'आमची' म्हणजे काय ते सांगतो. मी मूळचा लातूरचा, २००६ च्या ऑगस्टमध्ये एमएस करायला ब्लूमिंग्टनला, इंडियाना युनिव्हर्सिटीत आलो. (आणि फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो नव्हे, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळतात तो. पहिलं सेमिस्टर मी पण चुकीचाच समजत होतो.) तेव्हा रूममेटने एकदा मॅचला नेलं. स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये जत्रा, शेगड्या पेटलेल्या, गाड्यांच्या डिक्क्या उघड्या, हजारो पोरं लाल टीशर्टात, आणि आत गेलो तर बाकं रिकामी. मी विचारलं, एवढे सगळे आत कधी येणार? तो म्हणाला, आत कशाला येतील, हरणारच आहोत. हाफटाइमला आत होते त्यातले अर्धे परत शेगडीकडे. इंडियानात देव एकच, बास्केटबॉल. फुटबॉल म्हणजे नोव्हेंबरपर्यंत वेळ काढायची सोय. २०२५ पर्यंत मोठ्या कॉलेजांमध्ये इतिहासात सगळ्यात जास्त मॅच हरलेली टीम कोणती होती तर इंडियाना, ७०० च्या वर पराभव, आणि २०२४ च्या आधी शंभरेक वर्षांत एका सीझनला दहा मॅच जिंकल्यात असं एकदाही झालेलं नव्हतं.

आता आमच्या घरातलं भांडण. माझा मुलगा नववीत आहे आणि त्याचं दैवत म्हणजे रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजांनी शाळेतली पोरं टीमसाठी उचलण्याच्या, वेबसाइट्स. शाळेत खेळणाऱ्या पोरांना तिथे स्टार देतात, दोन, तीन, चार, पाच. वजन किती, उंची किती, चाळीस यार्ड किती सेकंदात पळतो, व्हिडिओत कसा दिसतो, सगळं बघून सतरा वर्षांच्या पोराच्या नावापुढे स्टार लावून मोकळे. पाच स्टारवाले अख्ख्या अमेरिकेत वर्षाला तीसेक, तीन स्टारवाले शेकड्यांनी. मुलगा मला जेवताना सांगतो, बाबा हा बघ, ओहायो स्टेटला चाललाय, फाइव्ह स्टार. जणू दहावीला बोर्डात आलाय.

आणि शेजारी राहतात ते आजोबा, रिटायर्ड मास्तर, त्यांचा स्टारवर काडीचा विश्वास नाही. ते दहा वर्षांचे असताना १९६७ साली इंडियाना एकदाच रोज बोल नावाच्या मानाच्या मॅचला गेली होती, १ जानेवारी १९६८ ला यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया) १४-३ हरली, आणि त्यानंतर साठेक वर्षं ते त्याच आठवणीवर जगत होते. त्यांचं म्हणणं ठाम, कोच चांगला पाहिजे, पोरं मिळतात. माझ्या मुलाचं म्हणणं तेवढंच ठाम, पोरं पाहिजेत, कोच कुणीही चालतो. आणि मी मध्ये, कुंपणावर हात ठेवून, दोघांचं बरोबर आहे म्हणणारा टिपिकल माणूस.

माझ्या मुलाची बाजू कमकुवत आहे असं समजू नका. बड एलियट नावाच्या पत्रकाराने एक साधा हिशोब मांडला होता, ब्लू चिप रेशो. टीमने मागच्या चार वर्षांत घेतलेल्या नव्या पोरांपैकी निम्म्याहून जास्त चार किंवा पाच स्टारवाले नसतील तर ती टीम चँपियन होत नाही. बस्स. आणि हा हिशोब वर्षानुवर्षं चुकला नाही. अलाबामा, जॉर्जिया, ओहायो स्टेट, एलएसयू, क्लेमसन, मिशिगन, सगळे त्या रेषेच्या वरचेच. लोक म्हणतात एनएफएलमध्ये, म्हणजे प्रो लीगमध्ये, बघा किती तीन स्टारवाले आहेत, म्हणजे स्टार झूठ. अरे, तीन स्टारवाले आहेतच किती पटीने जास्त! शंभर तिकिटं घेतलेल्याला लॉटरी लागली म्हणजे त्याचं नशीब थोर होत नाही. एकास एक धरलं तर पाच स्टारवाला प्रो होण्याची शक्यता कितीतरी जास्त, याबद्दल वाद नको. वेबसाइटवाले मूर्ख नाहीत. थोडी चलाखी असेल, म्हणजे अलाबामाने एखाद्या पोराला ऑफर दिली की लगेच त्याचा स्टार वाढतो असं लोक चेष्टेने म्हणतात, पण मूर्ख नाहीत.

हे सगळं मी लातूरला पाहिलंय हो. आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की शिवाजी चौकापासून फ्लेक्स सुरू व्हायचे, क्लासवाल्यांचे, टॉपरचा फोटो, गळ्यात हार. एका वर्षी एकाच पोराचा फोटो तीन वेगवेगळ्या क्लासेसच्या फ्लेक्सवर होता, एकीकडे फिजिक्स, एकीकडे टेस्ट सिरीज, आणि तिसरीकडे काय ते त्यालाही माहीत नसेल. क्लास चांगला म्हणून पोरगा आला की पोरगा हुशार म्हणून क्लास चांगला? हुशार पोरांना निवड परीक्षेतून उचलायचं, फी माफ करायची, वेगळ्या बॅचला टाकायचं, मग निकाल आपलाच. मी दुसऱ्या बॅचला होतो. आम्हाला शिकवणारे सर पहिल्या बॅचच्या सरांपेक्षा कैक पटीने चांगले होते, गणित असं फोड करून सांगायचे की आजही आठवतं, पण त्यांच्या बॅचमधून फ्लेक्सवर जाईल असा कोणी निघाला नाही आणि दोन वर्षांनी ते सर तिथे नव्हते. त्यामुळे 'कोचच सगळं' असं कोणी म्हटलं की माझ्या डोळ्यापुढे ते सर येतात.

आणि 'पोरंच सगळं' म्हटलं की टेक्सस एअँडएम हे कॉलेज येतं. २०२२ ला त्यांनी जी बॅच जमवली ती रिक्रूटिंगच्या इतिहासातली सगळ्यात भारी म्हणून गाजली, त्यात आठ जण पाच स्टारवाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलाचियन स्टेट नावाच्या डोंगरातल्या छोट्या कॉलेजने येऊन त्यांना त्यांच्याच घरात १७-१४ हरवलं, आणि पैसे घेऊन घरी गेलं, कारण असल्या छोट्या टीमला मोठ्या टीमने पैसे देऊन हरायला बोलवायची पद्धत आहे. सीझन संपला ५-७ वर, म्हणजे पाच जिंकल्या, सात हरल्या. पुढच्या नोव्हेंबरात कोच जिंबो फिशरला काढलं आणि करार मोडला म्हणून त्याला द्यायचे होते साडेसात कोटी डॉलरच्या वर. आपल्या हिशोबात सहाशे कोटी रुपये. घरी बसायचे. हे मी माझ्या वडिलांना फोनवर सांगितलं तर ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, एवढ्यात आपल्याकडे धरण होतं.

तर आमच्या कुंपणावरचा वाद असा समसमान चालू होता. आणि मग ३० नोव्हेंबर २०२३ ला इंडियानाने एक कोच आणला, कर्ट सिग्नेटी, वय बासष्ट, चेहरा असा की सकाळचा चहा थंड मिळालाय. आधीचं वर्ष ३-९. पत्रकारांनी विचारलं, रिक्रूट्सना तुम्ही काय सांगून पटवता? तो म्हणाला, सोपं आहे, मी जिंकतो, गूगल करा. आजोबा हे ऐकून खूश. मी खरंच गूगल केलं. आणि तिथे जे सापडलं त्याने माझा घोळ वाढला.

हा माणूस २००७ ते २०१० अलाबामात होता, तिथला हेड कोच निक सेबनच्या हाताखाली, आणि त्याचं काम काय तर रिक्रूटिंग कोऑर्डिनेटर. म्हणजे पोरं निवडून आणायचं खातं. सेबन पहिल्या वर्षी २००७ ला ७-६, लुइझियाना मन्रोसारख्या टीमकडून हरलेला. मग २००८ ची ती बॅच आली, ज्युलिओ जोन्स, मार्क इंग्रम, हायटावर, आणि २००९ ला अलाबामा चँपियन. सेबन जगातला सगळ्यात मोठा कोच की त्याच्याकडे सगळ्यात भारी पोरं, हा वाद लोक घालत बसले, आणि ती पोरं आणणाऱ्या खात्यात बसलेला माणूस २०११ ला, पन्नाशीला टेकलेला असताना, सगळं सोडून पेनसिल्व्हेनियातल्या एका डिव्हिजन टू, म्हणजे खालच्या गटातल्या, कॉलेजचा हेड कोच व्हायला गेला. पगार कितीतरी कमी. त्या कॉलेजचं नावही गमतीचं, इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया, आणि तिथे आधी त्याचे वडील कोच होते. तिथे सहा वर्षं, मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन. सगळीकडे जिंकला. तिथे त्याच्याकडे येणारी पोरं म्हणजे कुणाला न घेतलेली, एक इंच कमी, दहा किलो कमी, नाहीतर खेड्यातल्या शाळेतली.

म्हणजे हा कोच की रिक्रूटर?

इंडियानात आल्यावर त्याने जेम्स मॅडिसनमधली डझनभर पोरं बरोबर आणली. आता हे आधी शक्य नव्हतं. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायचंय अशा खेळाडूंची यादी, आलं २०१८ ला, आणि २०२१ पासून एकदा कॉलेज बदललं तर वर्षभर बाहेर बसायची अट गेली. त्याच वर्षी जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायची मुभा मिळाली. या दोन गोष्टींनी सगळा बाजार उलटापालटा झाला. आधी सतरा वर्षांचा पोरगा बघून अंदाज बांधायचा की हा एकविसाव्या वर्षी कसा होईल. आता एकवीस वर्षांचाच पोरगा उचलता येतो, खेळून दाखवलेला. सिग्नेटीचं म्हणणंच ते, पोटेन्शियल नको, प्रॉडक्शन दाखव. मला तर हे आपल्या मंडईतल्या बायकांसारखं वाटलं, कच्चा आंबा बघून पिकल्यावर गोड निघेल का असा हिशोब करत बसण्यापेक्षा पिकलेला नाकाला लावून बघायचा.

पहिल्या वर्षी २०२४ ला ११ विजय. मुलगा म्हणाला, सोपं शेड्यूल होतं. आणि ओहायो स्टेटने ३८-१५ बडवलं, डिसेंबरात नॉट्र डेमने २७-१७ घरी पाठवलं, तेव्हा कार्टा जिन्यावरून ओरडला, स्टार्स बाबा, स्टार्स. आजोबांनी त्या दिवशी पडदे लावून घेतले होते.

२०२५ चा सीझन मी नीट पाहिला, म्हणजे अगदी काम बाजूला ठेवून. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, नवा, फर्नांडो मेंडोझा. मायामीचा पोरगा, शाळेतून निघताना कुठे दोन स्टार, कुठे तीन, येलला जायचं ठरलेलं, ऐनवेळी कॅलिफोर्नियातल्या कॅल युनिव्हर्सिटीने बोलावलं म्हणून तिकडे. त्याच्या स्वतःच्या गावच्या मायामी युनिव्हर्सिटीने स्कॉलरशिप दिली नाही, आणि तिथला आत्ताचा कोच मारिओ क्रिस्टोबाल हा त्याच्या वडिलांबरोबर एकाच शाळेच्या टीममध्ये खेळलेला! ६ डिसेंबरला इंडियानापोलिसमध्ये ओहायो स्टेट समोर, पाच स्टारवाल्यांची पलटण, आणि आम्ही १३-१० जिंकलो. शेवटी त्यांचा किकर २७ यार्डांवरून चुकला, तेवढं नशीब पण लागतं, नाही असं नाही. मग मेंडोझाला हाइझमन, वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस. मग रोज बोलमध्ये अलाबामा, ३८-३. अलाबामा! आजोबांना मी फोन केला तर त्यांच्या बायकोने उचलला, म्हणाली, तो गॅरेजमध्ये जाऊन बसलाय, रडतोय बहुतेक, नंतर कर.

मग ओरेगनबरोबरची सेमीफायनल. त्यातला पहिला प्ले मी दहा वेळा तरी मागे घेऊन पाहिला असेल. डीअँजेलो पाँड्स, कॉर्नरबॅक (समोरच्या पास झेलणाऱ्याला, म्हणजे रिसीव्हरला, अडवणारा), उंची ५ फूट ९ इंच, जेम्स मॅडिसनहून आलेला. वेबसाइटवाल्यांच्या फुटपट्टीत हा बसणारच नाही, कारण ते सहा फुटी शोधतात. बॉल खेळात आला, समोरचा रिसीव्हर वळायला लागला, आणि पाँड्स मागे सरकलाच नाही. बाकी कुणीही असता तर दोन पावलं मागे घेतली असती, सेफ. हा पुढे घुसला, बॉल क्वार्टरबॅकच्या हातातून निघतोय न निघतोय तोवर याचे पाय त्या जागेकडे निघालेले, मध्येच झेल आणि सरळ टचडाउन. घड्याळात अकरा सेकंद. आम्ही अजून सोफ्यावर नीट बसलो पण नव्हतो. आता हे काय आहे? हे त्या पोराचं अंग आहे की कुणीतरी आठवडाभर त्याला व्हिडिओ दाखवून सांगितलेलं आहे की असा उभा राहिला की असा वळतो? मला वाटतं या प्रश्नाला उत्तर नाही, कारण ते दोन वेगळे नाहीतच. व्हिडिओ शंभर जणांना दाखवा, नव्व्याण्णव जणांना पाय टाकायची हिंमत होत नाही. आणि ज्याला हिंमत आहे त्याला व्हिडिओच दाखवला नाही तर तो तोंडावर पडतो. त्या दिवशी ५६-२२.

मुलगा आता सावध झाला होता. म्हणाला, पण बाबा आपली पोरं म्हातारी आहेत. अगदी खरं. समोरच्या टीममध्ये एकोणीस वर्षांचे फाइव्ह स्टार आणि आमच्याकडे बावीस-तेवीसचे बाप्ये, चार-चार वर्षं खेळून खांदे रुंदावलेले. आणि फुकटात पण नाही हे. अब्जाधीश मार्क क्युबन इथलाच माजी विद्यार्थी, त्याने पैसे दिले, कॉलेजने सिग्नेटीचा करार ऑक्टोबरमध्ये नवा केला तो वर्षाला एक कोटी डॉलरच्या वरचा. तेव्हा 'गरीब बिचाऱ्यांनी श्रीमंतांना हरवलं' असली गोष्ट कुणी सांगायला लागलं तर मी उठून चहा ठेवायला जातो. पैसा होता. टेक्सस एअँडएमकडे पण होता, आमच्याहून जास्तच.

फायनल. समोर मायामी, मैदान मायामीचं, कोच क्रिस्टोबाल. चौथा क्वार्टर, स्कोअर १७-१४, आम्ही जेमतेम पुढे, चौथा डाउन, म्हणजे शेवटची संधी, चार यार्ड हवेत, बारा यार्डांवर गोल. साधा हिशोब, किक मारा, तीन पॉइंट घ्या. किकवाली पोरं आत आली पण होती. आणि सिग्नेटीने टाइमआउट घेऊन त्यांना बाहेर बोलावलं. बायको स्वयंपाकघरातून आली, म्हणाली काय झालं सगळे गप्प का? मी म्हटलं, गप्प बस तू पण. मेंडोझाने बॉल घेतला, पास टाकणार असं दाखवलं आणि सरळ मधून घुसला. हा पोरगा पळणारा नाहीये हो. लांबलचक, हात-पाय सगळीकडे. एकाने धरलं, सुटला, गिरकी खाल्ली, परत धडक, आणि शेवटचे दोन यार्ड हवेत आडवा, बॉल पुढे धरलेला, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसा. २४-१४. पुढे मायामीने २१ केले, आम्ही २७, शेवटच्या मिनिटात जमारी शार्पने त्यांचा पास मध्येच झेलला, तो पण मायामीचाच पोरगा. १६-०. निम्मे सोडा, चार-पाच स्टारवाले मोजकेच असलेली टीम चँपियन. बड एलियटचा हिशोब पहिल्यांदा मोडला.

त्या चौथ्या डाउनबद्दल मुलाने लगेच विचारलं, हे कोचचं की मेंडोझाचं? मी म्हटलं, ज्याने त्याला पोर्टलमधून उचललं त्यालाच विचार. कारण माझं मत, इतक्या दिवसांनी, कुंपणावरून उतरून सांगतो, ते एवढंच आहे की कोचिंगचा सगळ्यात मोठा भाग शिकवण्याचा नाही, बघण्याचा आहे. सिग्नेटी अलाबामात बघायला शिकला आणि पुढे तेरा वर्षं छोट्या कॉलेजांत त्याला मोठे स्टार परवडत नव्हते म्हणून अजून बारीक बघायला शिकला. स्टार म्हणजे पण कुणीतरी बघितलंच आहे, फक्त लांबून आणि घाईत. माझे ते दुसऱ्या बॅचचे सर शिकवायला देव होते, पण त्यांना पोरं निवडायला कुणी दिलीच नाहीत. निवडायची होती ऑफिसातल्या माणसाने, मार्कांच्या यादीवरून.

मेंडोझा त्यानंतर प्रो व्हायला निघाला. मुलाने दुसऱ्याच दिवशी सकाळी पोर्टल उघडून पुढचा क्वार्टरबॅक कोण त्याचा अभ्यास सुरू केला, म्हणजे सवय काही गेली नाही.

बाकी एक गंमत सांगायची राहिली. तो स्वतः पण खेळतो, शाळेच्या फ्रेशमन टीममध्ये. अंगाने माझ्यावर गेलाय, म्हणजे काय ते समजून घ्या. रिसीव्हर व्हायचं होतं, ऑगस्टभर पळाला, तिसऱ्या रांगेत. मग त्यांच्या कोचने, दिवसा शाळेत भूगोल शिकवतो तो माणूस, त्याला एक दिवस नुसतं टिवल्याबावल्या करताना पायांमधून मागे बॉल फेकताना पाहिलं आणि म्हणाला, परत टाक. परत टाक. परत टाक. आणि त्याला लाँग स्नॅपर केलं. पंटच्या (बॉल लांब किक मारून समोरच्यांना देण्याच्या) वेळी वाकून, डोकं खाली, पायांमधून पंधरा यार्ड मागे बॉल फेकायचा, एवढंच काम. या पोझिशनला वेबसाइटवाले सहसा ढुंकून बघत नाहीत. मुलगा दोन दिवस जेवला नाही. आता रोज संध्याकाळी मागच्या अंगणात प्रॅक्टिस, आणि पंधरा यार्डांवर हात पुढे करून उभा कोण, तर मी, कानटोपी, दोन हातमोजे, पायाखाली बर्फ. बॉल गोल फिरत येतो, शेवटपर्यंत दिसत नाही, आणि नडगीवर बसलेला मार अजून निळा आहे.

काल आजोबा लाल टोपी घालून कुंपणाशी आले, हातात जुनं स्टॉपवॉच, शाळेतलं असावं. चांगला स्नॅप म्हणजे पाऊण सेकंद, कॉलेजात, म्हणाले. मुलगा वाकला. फेकला. माझ्या डोक्यावरून गेला, शेजारच्या झुडपात.

"एक पूर्णांक एक," आजोबा म्हणाले. "परत टाक."